खत टाकले, पण गेले कुठे? : पाझरून जाणाऱ्या द्रव्यांचा हिशेब



पावसाळ्यात गटागटांतून फिरताना शेतकी विभागाच्या माणसांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "साहेब, बांधणीले दोन पोती युरिया टाकला, तरी ऊस पिवळाच दिसून राहिला. खतात काही खोट तर नसन?" शंका येणे साहजिक आहे. पैसे मोजून आणलेले खत डोळ्यांदेखत नाहीसे होते आणि उसावर काळोखी काही येत नाही. पण बहुतेक वेळा खत चोख असते. ते उसाच्या तोंडात पडण्याआधीच पाण्याबरोबर खाली निघून गेलेले असते. कुठे गेले, किती दिवसांत गेले आणि आता ते कोणाच्या घड्यात आहे, याचा हिशेब या लेखात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

पाणी एखाद्या पदार्थातून जाताना त्यातील विरघळणारी द्रव्ये बरोबर घेऊन जाते. या क्रियेला पुस्तकात 'निक्षालन' म्हणतात. आपण सरळ 'पाझरून जाणे' म्हणू. जमीन, खडक, उकिरडा, राखेचा ढीग, सिमेंटचे टाके, सगळ्यांतूनच काही ना काही पाझरत असते. फरक असतो तो वेगाचा. काही द्रव्ये एका पावसात जातात, तर काही शंभर वर्षांतही जागची हलत नाहीत.

मिलमध्ये रोज दिसणारा दाखला

हा विषय समजून घ्यायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. आपल्या कारखान्याची मिल पाहिली तरी पुरे. पहिल्या मिलमधून ऊस गेला की निम्म्याहून बराच अधिक रस निघतो. पुढच्या मिलमधून गेल्यावर थोडा, त्यापुढे आणखी थोडा. शेवटी चोथा कितीही दाबला तरी त्यातली साखर सुटत नाही, म्हणून त्यावर पाणी मारतात. त्याला 'इम्बिबिशन' म्हणतात. हे पाणी चोथ्यात मुरते, साखर विरघळवते आणि पुढच्या दाबाखाली बाहेर येते. इतके करूनही बगॅसमध्ये शेकडा दोनच्या आसपास साखर राहतेच.

यातून तीन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली, सुरुवातीला माल झपाट्याने निघतो आणि मग वेग मंदावत जातो. दुसरी, पदार्थ जितका बारीक फाडलेला, तितका तो लवकर रिकामा होतो. म्हणूनच मिलच्या आधी कटर आणि फायबरायझर बसवलेले असतात. तिसरी, पाणी जितके जास्त आणि जितका वेळ मुरेल, तितके जास्त द्रव्य बाहेर येते. हे तीन नियम उसाला लागू आहेत तसेच मातीला, दगडाला आणि राखेलाही लागू आहेत. मातीच्या बाबतीत चौथी गोष्ट येते, ती म्हणजे मातीची पकड.

माती काय धरते, काय सोडते

इंग्लंडमध्ये १८५० च्या सुमारास थॉम्सन नावाच्या शेतकऱ्याने एका नळीत माती भरून वरून अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले. खालून पाणी आले, पण त्यात अमोनिया जवळजवळ नव्हताच. त्याऐवजी चुना आला होता. वे नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाच प्रयोग पुढे नेला आणि दाखवून दिले की माती नुसती गाळणी नाही. ती एक द्रव्य धरते आणि त्याच्या बदल्यात दुसरे सोडते, अगदी दुकानातल्या देवघेवीसारखे.

याचे कारण असे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युत भार असतो. अमोनियम, पालाश, चुना, मॅग्नेशियम यांच्यावर धन भार असतो, म्हणून माती त्यांना चिकटवून धरते. नायट्रेट, क्लोराईड आणि बऱ्याच अंशी सल्फेट यांच्यावर ऋण भार असतो. त्यांना माती धरत नाही. पाणी जाईल तिकडे ती जातात. स्फुरदाचे प्रकरण आणखी वेगळे आहे. तो चुना, लोह यांच्याशी बांधला जातो आणि वर्षभरात फार तर काही मिलिमीटर ते दोन-चार सेंटिमीटर सरकतो.

कुही भागात एकाच शिवारात काळी कन्हार, मोरंड, खरडी आणि बरडी अशी जमीन शेजारी शेजारी सापडते. नदीकाठी रेताड गाळाची वावरे आहेत. या प्रत्येक जमिनीची पकड निराळी आहे. काळ्या जमिनीत चिकण भरपूर, म्हणून पालाश तिथे बसून राहतो. बरडीत आणि रेताडीत चिकण कमी, म्हणून तिथे पालाशसुद्धा हळूहळू खाली उतरतो. शेजाऱ्याने जितके खत टाकले तितकेच आपण टाकले, तरी उसाची रंगत वेगळी दिसते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

युरियाचा प्रवास

आता युरियाकडे वळू. युरियावर कोणताच भार नसतो. टाकल्याबरोबर जोराचे पाणी दिले तर युरिया आहे तसाच पाण्याबरोबर खाली जातो. ओलसर, उबदार जमिनीत दोन ते चार दिवसांत त्याचा अमोनियम होतो. हा अमोनियम माती धरून ठेवते, म्हणून या काळात नत्र त्यातल्या त्यात सुरक्षित असतो. मात्र खत मातीआड केलेले नसेल तर याच टप्प्यावर अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. त्यानंतर जमिनीतले जिवाणू दोन-तीन आठवड्यांत अमोनियमचे नायट्रेट करतात. ऊस नायट्रेट आवडीने खातो, पण माती ते धरत नाही. म्हणजे खत टाकल्यापासून साधारण पंधरा-वीस दिवसांनी ते सर्वांत मोकळे असते, आणि नेमका तेव्हा मुसळधार पाऊस आला तर व्हायचे ते नुकसान होते.

२०१५ पासून देशात तयार होणारा सर्व युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. निंबोळीमुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे काही दिवस हाती लागतात, पण चिलखत चढवले असे मात्र कोणी समजू नये.

नायट्रेट किती खोल जाते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. समजा काळ्या जमिनीच्या घनफळात वाफशाच्या वेळी शेकडा ४० भाग पाणी मावते. त्या जमिनीत १०० मिलिमीटर पाणी जादा होऊन खाली उतरले, तर नायट्रेट सुमारे २५ सेंटिमीटर खाली सरकते. रेताड जमिनीत शेकडा साडेबाराच भाग पाणी मावते असे धरले, तर तेवढेच १०० मिलिमीटर पाणी नायट्रेटला ८० सेंटिमीटर खाली ढकलते. उसाची बहुतेक खाणारी मुळे वरच्या दोन फुटांत असतात. म्हणजे रेताड वावरात एका झडीत खत मुळांच्या खाली गेले. काळ्या जमिनीत ते अजून हाताशी आहे.

पण काळ्या जमिनीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी या भेगांतून सरळ खाली जाते आणि वरचे खत धुऊन नेते. पुढे भेगा मिटल्या, पाणी तुंबले, की हवा कोंडते आणि जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. धानाच्या बांधीसारखे पाणी उसात आठ दिवस राहिले, तर नत्र खाली न जाता वर उडून जातो. सभासदाच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच, पैसे गेले.

नागपूर जिल्ह्यात वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका एकरावर हे सुमारे ४४ लाख लिटर पाणी झाले. काही वाहून जाते, काही उडून जाते, काही पीक पिते. उरलेले जमिनीत उतरते आणि हेच उरलेले पाणी आपल्या खताचे वाहन बनते.

उकिरडा, पाचट आणि राख

रासायनिक खतच पाझरते, शेणखत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. उघड्यावरच्या उकिरड्यातून पावसात जे तपकिरी पाणी वाहते, त्यात पालाश आणि नत्र दोन्ही असतात. शेणखतातला पालाश कशाशी बांधलेला नसतो, तो पहिल्याच पावसांत निघून जातो. पाऊस खाऊन पांढरट झालेले खत वावरात टाकणे म्हणजे चोथा टाकून रस ओढ्याला सोडण्यासारखे आहे. उकिरड्याला खड्डा करून धुऱ्याची आड द्या आणि वर पाचट, माती किंवा ताडपत्री टाका. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. प्रेसमडच्या ढिगालाही हाच न्याय लागू आहे. जुलैत ढीग मारून दिवाळीला पांगवू नये.

पाचटाचे वागणे दोन प्रकारचे असते. त्यातला पालाश पहिल्या पावसांतच सुटतो आणि जमिनीत जातो. खोडव्याला तो फुकट मिळतो. नत्र मात्र पाचटाच्या धाग्यात अडकलेला असतो आणि तो सावकाश सुटतो. उलट कुजताना जिवाणू जमिनीतलाच नत्र काही काळ उसना घेतात. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू द्यावेत, अशी शिफारस आहे. पाचट जाळले की त्यातला नत्र धुरात जातो आणि उघड्या राखेतला पालाश पहिल्या सरीने वाहून जातो. दोन्हीकडून तोटा होतो.

कोळशाच्या राखेची गोष्ट वेगळी आणि जास्त सावधगिरीची आहे. आपल्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत पसरले. त्या भागातले पाणी शेवटी कन्हान नदीत येते आणि कन्हान पुढे आपल्या आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

राखेचे कण काचेच्या बारीक गोळ्यांसारखे असतात. भट्टीतून बाहेर पडताना काही द्रव्ये वाफेच्या रूपात असतात आणि थंड होताना या गोळ्यांच्या अंगावर जाऊन बसतात. सल्फेट, बोरॉन आणि इतर काही क्षार असे वरवर बसलेले असतात. ते पहिल्या पाण्यात झपाट्याने धुऊन निघतात. गोळ्यांच्या आत अडकलेली द्रव्ये मात्र वर्षानुवर्षे थोडी थोडी सुटत राहतात. पहिल्या मिलचा आणि शेवटच्या मिलचा तोच नियम इथेही दिसतो. म्हणून ताजी राख आणि दहा पावसाळे खाल्लेली राख यांचा गुण एक नसतो. कोणी फुकट देत आहे म्हणून तपासणीशिवाय राख वावरात पसरू नये. बोरॉन पिकाला चिमूटभर लागतो, जास्त झाला की विष ठरतो.

अशा टाकाऊ मालाची पारख करण्यासाठी प्रयोगशाळेत एक रीत आहे. एक भाग माल आणि वीस भाग सौम्य आम्लाचे पाणी बाटलीत घालून १८ तास सतत उलटसुलट फिरवतात आणि मग पाण्यात काय उतरले ते मोजतात. दुसऱ्या रीतीत नळीत माल भरून वरून थेंब थेंब पाणी सोडतात आणि दिवसागणिक नमुने घेतात. पहिल्या रीतीने किती निघू शकते ते कळते, दुसरीने किती वेगाने निघते ते कळते. दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय धोका किती ते सांगता येत नाही.

घरच्या मालालाही हे लागू आहे. नव्या सिमेंटच्या टाक्यातून चुना सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होते. बेणे प्रक्रियेसाठी टाके बांधले असेल तर ते दोन-तीन वेळा भरून रिकामे करावे आणि मगच औषध कालवावे. औषधाचा रिकामा डबा एकदाच भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्याने तीनदा धुतलेला बरा. डब्यात १० मिलिलिटर औषध चिकटून राहिले आणि दर वेळी ९० मिलिलिटर पाणी घालून, हलवून, पुन्हा १० मिलिलिटर शिल्लक राहीपर्यंत ओतले, तर तिसऱ्या धुण्यानंतर हजारावा भाग उरतो. ते धुण फवारणीच्या पंपातच ओतावे. जुन्या बॅटऱ्या आणि रंगाचे डबे विहिरीच्या काठी टाकू नयेत.

दगडसुद्धा पाझरतो

नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत दक्खनचा काळा पाषाण येतो. त्याच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि आपल्या काळ्या जमिनी त्याच्याच झिजेतून झाल्या. फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी नर्मदा, तापी आणि आपली वैनगंगा या नद्यांचे पाणी तपासून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यात विरघळून एका चौरस किलोमीटरवरून वर्षाला २१ ते ६३ टन खडक निघून जातो, असे त्यांना आढळले. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण एकरी तो सुमारे ८५ ते २५५ किलो पडतो. खडकाची जाडी एक मिलिमीटर कमी व्हायला साधारण ४५ ते १४० वर्षे लागतात. निसर्गाने इतक्या सावकाशीने पाझरवून आपल्याला चुना, मॅग्नेशियम आणि पालाश दिला आहे. आपण मात्र पोत्यातला नत्र पंधरवड्यात घालवतो.

खडक सावकाश सोडतो, पण पाणी त्याच्या सोबत वर्षानुवर्षे राहिले तर थोडे थोडे करून बरेच साठते. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त सापडते आणि दात-हाडांचे विकार होतात, त्याचे मूळ हेच. म्हणून बोअर जितका खोल तितके पाणी चांगले, असे गृहीत धरू नये. पिण्याचे पाणी असेल तर तपासूनच घ्यावे.

खत विहिरीत गेले म्हणजे काय होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुळांच्या खाली गेलेले नायट्रेट नाहीसे होत नाही. ते भूजलाला मिळते आणि विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झाले तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सर्वाधिक धोका असतो. वरच्या दुधात किंवा पावडरीत असे पाणी घातले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली विहिरीचे पाणी आणि हा विकार यांचा संबंध प्रथम दाखवून दिला. आपल्याकडे बायाबापड्या पाणी उकळून देतात. जंतूंसाठी ते योग्यच आहे, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटून ते उलट थोडे वाढते.

आता हिशेब करू. ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असतो. समजा एका एकरातून अर्ध्या पोत्याइतका, म्हणजे सुमारे १० किलो नत्र पाझरून गेला. त्याचे नायट्रेट होते सुमारे ४५ किलो. एवढे नायट्रेट १० लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवते. अर्धे पोते आणि दहा लाख लिटर! ज्या गावात शंभर एकर ऊस आहे आणि पिण्याच्या विहिरी त्याच शिवारात आहेत, तिथे काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरच्या लहानग्याकडे पाहून करावा.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील ४४० जिल्ह्यांच्या भूजलात कुठे ना कुठे मर्यादेबाहेर नायट्रेट आढळल्याची नोंद आहे. ज्या जिल्ह्यांत हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे, त्यांत आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याचे आणि विदर्भातल्याच अमरावती, बुलडाणा, यवतमाळ यांचे नाव आहे. दोष एकट्या युरियाचा नाही. विहिरीजवळचे गोठे, उकिरडे, शोषखड्डे आणि सांडपाणी हेही त्यात आहेत. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी आपल्याच तालुक्यातून कन्हानकडे जाते, हे आपण जाणतोच. पण दुसऱ्याचे पाणी घाण म्हणून आपण आपल्या पोत्याचा हिशेब न ठेवणे शोभणार नाही.

मुद्दाम धुऊन काढण्याची वेळ

पाझरणे नेहमीच वाईट नाही. जमिनीत क्षार साठले तर ते धुऊनच काढावे लागतात. गोसेखुर्द प्रकल्पावरील आंभोरा, मोखाबर्डी यांसारख्या उपसा सिंचन योजनांमुळे या भागाला पाण्याची आशा मिळाली आहे. पाणी आले की काळ्या जमिनीत निचऱ्याचा प्रश्नही येतो. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागाने तो पुरेपूर अनुभवला आहे. तिथे शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या क्षेत्रात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि पडीक पडलेली क्षारपड जमीन पुन्हा उसाखाली आणली.

अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली दिलेला ठोकताळा असा : एक फूट खोल मातीतून अर्धा फूट पाणी खाली गेले तर निम्मे क्षार जातात, एक फूट गेले तर शेकडा ८० आणि दोन फूट गेले तर शेकडा ९०. इथेही पहिल्या पाण्याचे काम मोठे आणि पुढच्याचे लहान. जमीन चोपण असेल तर नुसते पाणी चालत नाही, जिप्सम लागते. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते, म्हणून एकरी एक टन जिप्सम विरघळायला सुमारे चार इंच पाणी जमिनीत मुरावे लागते. आणि मुरलेले पाणी बाहेर जायला चर किंवा पाइप हवा. निचरा नसताना क्षार धुणे म्हणजे भोक नसलेल्या कुंडीत पाणी ओतणे.

सभासदांनी काय करावे

१. नत्र एकदम देऊ नये. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस धरली तर लागणीला दहावा भाग, सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी शेकडा १० आणि बांधणीला शेकडा ४० असे हप्ते पाडावेत. बांधणीचा हप्ता एकरी जवळपास दोन पोती युरियाचा होतो आणि तोच पावसाच्या तोंडी सापडतो.

२. बांधणी लांबून पाऊस लागला असेल, तर हा हप्ता रेताड, खरडी व बरडी जमिनीत पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावा. आभाळ भरून आले असताना पोते फोडू नये. फार उशिरा मात्र नत्र देऊ नये, त्याने उतारा घटतो.

३. खत सरीत टाकून लगेच मातीआड करावे. त्यानंतरचे पाणी हलके द्यावे. ठिबक असेल तर युरिया थोडा थोडा पाण्यातूनच द्यावा. यासारखा काटकसरीचा मार्ग नाही.

४. स्फुरद जागचा हलत नाही, म्हणून तो लागणीच्या वेळी मुळाजवळ पडेल असाच द्यावा. वरून फेकलेला स्फुरद वरच राहतो.

५. पाणी तुंबणाऱ्या वावरात चर काढल्याशिवाय खताचा पुढचा हप्ता देऊ नये.

६. उकिरडा, गोठा आणि शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब व उताराच्या बाजूला असावा.

७. विहिरीचे पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासले तर फरक कळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. पाणी मर्यादेबाहेर निघाले तर लहान बाळासाठी दुसरीकडचे तपासलेले पाणी वापरावे आणि आरोग्य केंद्रात कळवावे.

या सातव्या सूचनेचा एक फायदाही आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, त्या पाण्याची चार इंचांची एक पाळी एका एकराला दिली, तर त्यातून सुमारे ४ किलो नत्र उसाला मिळतो. अशा दहा पाळ्यांत ४० किलो, म्हणजे बांधणीची दोन पोती! जे खत आपण खाली घालवले तेच मोटारीने वर येत असते आणि आपण त्यावर पुन्हा नवे पोते टाकत असतो. पाणी तपासले, त्यातला नत्र हिशेबात धरला आणि तेवढा युरिया कमी केला, तर खर्च वाचतो आणि वर्षागणिक विहीरही सुधारते.

माती तपासणीबरोबर पाण्याचा नमुना देण्यासाठी सभासदांनी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात नाव नोंदवावे. नमुना स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून भरावा. बाटलीवर नाव, गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहावी आणि ती त्याच दिवशी पोहोचती करावी. ज्या घरी लहान बाळ आहे, त्यांनी बांधणीची वाट न पाहता हे काम आधी करावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग